सुमीची दाढ आणि येसूआबा

येसूआबांबद्दल सांगायचं तर त्यांनी काय केलं नाही, इथून सुरुवात करावी लागते. त्यांनी जन्मात कुणाचा दात काढला नाही. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना मात्र ते दातांचे डॉक्टरच वाटायचे.

आमचं गाव आष्ट्यापासून दोन कोसांवर. आबांचं घर आमच्या घरासमोरच, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढा बोळ. ते लष्करात दातांच्या दवाखान्यात होते. डॉक्टर दात काढायचे तेव्हा मागे उभं राहून जवानाचं डोकं धरायचं, मग त्याला बराकीत नेऊन निजवायचं आणि रक्त थांबेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचं, एवढंच त्यांचं काम. पंधरा वर्षं त्यांनी ते केलं आणि पेन्शन घेऊन गावी आले.

एकदा आमच्या गावचे पोलीस पाटील गालाला फडकं बांधून त्यांच्या ओट्यावर येऊन बसले. मी तेव्हा शाळकरी होते. आमच्या दारातून सगळं ऐकू येत होतं.

"येसबा, काढ बाबा एकदाचा. पक्कड हाय न्हवं तुज्याकडं?"

"हाय की. सायकलची."

"मंग?"

"पाटील, मी डोकं धरणारा गडी. दात काढणारा न्हवं. चला सांगलीला, डोकं धरतो."

पाटील त्यांना शिव्या देत घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीत दोघं शेजारी शेजारी बसलेले दिसले. संध्याकाळपर्यंत आबा पाटलांच्या सोप्यात बसून राहिले, त्यांची तंबाखूची पिशवी स्वतःच्या मांडीखाली घेऊन. "माझ्या बायकूनं बी कवा एवढा पहारा केला न्हाई," असं पाटील पुढे कितीतरी दिवस सांगत होते. ती तक्रार होती की कौतुक, ते मला तेव्हा कळलं नाही.

आमच्याकडे दात घासायचे ते राखुंडीने नाहीतर मिसरीने. आबा तेवढे ओट्यावर उभे राहून ब्रशने घासायचे, आणि बोळातली पोरं समोर उभी राहून किती वेळा ब्रश फिरतो ते मोजायची. खरं म्हणजे त्यांचे वरचे दात त्यांचे नव्हतेच. पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेले होते तेव्हा तिथेच त्यांनी कवळी बसवून घेतली होती. ही गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. एखाद्या पोराने "आबा, दात खरं का खोटं?" असं विचारलं की ते "खोटं," म्हणायचे आणि काढून तळहातावर ठेवायचे. पोरं ओरडत पळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला यायची.

त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, घरच्यांना त्याचा त्रासच होता. म्हैस विकायला ते तीनदा आष्ट्याच्या बाजारात गेले. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगायचे, "दूध चांगलं देती, पर डाव्या पायानं लाथ मारती. आन वासरू न्हाई दिसलं तर दोन दिस पान्हा चोरती." तिन्ही वेळा म्हैस त्यांच्याबरोबर परत आली. शेवटी केराकाकू, म्हणजे त्यांच्या बायको, स्वतः बाजारात गेल्या आणि दुपारच्या आत विकून आल्या. "आमच्या म्हशीनं जेवढा बाजार बघितला तेवढा मी बघितला न्हाई," असं त्या पाणवठ्यावर सांगायच्या. आबा ऐकत असले तरी सांगायच्या, आणि आबा म्हणायचे, "खरं हाय."

दुखण्याबद्दलही तसंच. पोराला काटा लागला, विंचू चावला, तर बाकी सगळे म्हणत, "काय न्हाई रं, झालं, गेलं." आबा म्हणायचे, "दुखंल." मग थोडं थांबून किती वेळ दुखेल ते सांगायचे. त्यांचं घड्याळ होतं, पण पोरांना ते घड्याळातली वेळ सांगत नसत. जात्यावरलं दळण सरंस्तोवर, म्हशीची धार काढून होईस्तोवर, असं काहीतरी सांगत. आणि बहुतेक वेळा तेवढ्यात दुखणं थांबायचं. मला वाटतं, पोरं त्या दळणाकडे नाहीतर धारेकडे बघत बसायची, त्यानेच निम्मं काम होत असावं. पण हे माझं मत. आबांनी तसं कधी म्हटलं नाही.

आता सुमीच्या दाढेबद्दल सांगते. माझी स्वतःची चूक त्यात आहे, म्हणून थोडं अडखळायला होतं.

सुमी माझ्या थोरल्या भावाची मुलगी. तेव्हा ती सहा वर्षांची होती. दादा लष्करात, लांब सरहद्दीवर. वहिनी दोन महिन्यांची बाळंतीण. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, आणि मी सांगलीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे घरात कागद आला की माझ्या हातात, आणि सांगलीचं काम निघालं की माझ्या गळ्यात. चैत्रात सुमीचा गाल सुजला. आईने तीन दिवस मिसरी दाबून बघितली. चौथ्या दिवशी आबा बोळातून बघून म्हणाले, "हे मिसरीचं काम न्हवं. सांगली गाठा."

तिला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. आदल्या संध्याकाळी सुमीने विचारलं, "आत्ती, सांगलीला कशाला?" मी म्हटलं, "बांगड्या भरायला." मला वाटलं, दवाखान्याचं नाव काढलं तर ती एस्टीतच बसणार नाही. आमच्या घरात लहान मुलांशी सगळे असंच बोलतात. त्यात काही वाईट आहे असं मला वाटलंही नाही. सुमी सकाळी नवं परकर-पोलकं घालून, केसांना फीत बांधून माझ्याआधी तयार होती.

डॉक्टर चांगले होते. खालच्या दोन दाढा किडल्यात, एक डावीकडची आणि एक उजवीकडची, असं ते म्हणाले. सुजलेली आज काढू, एका बाजूने तरी तिला खाता आलं पाहिजे, म्हणून दुसरी पुढच्या गुरुवारी. "पण लांबवू नका. तिच्यातही पू धरायला लागलाय. जबड्यात उतरला तर पोरीचे हाल होतील." मग त्यांनी हिरडीत भुलीची सुई दिली आणि दाढ काढली. सुमी एकदाच ओरडली. रडली नाही. खुर्चीतून उतरल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि मग एस्टीत सबंध वाटभर बघितलं नाही. बांगड्यांचं दुकान स्टँडच्या वाटेवरच होतं. मी म्हटलं, "चल, भरूया." ती पुढे चालत राहिली.

डॉक्टरांनी एक कागद दिला होता, इंग्रजीत टाईप केलेला. कापूस निदान अर्धा तास घट्ट चावून धरावा, आज चूळ भरू नये, गरम देऊ नये, बधिर ओठ मुलाने चावू नये म्हणून लक्ष ठेवावं. मी एस्टीत तो तीनदा वाचला. एवढं इंग्रजी आपल्याला अडखळल्याशिवाय कळलं याचा मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकते.

कागदावर पै-पाहुण्यांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की भेटायला जायचं असतं. गेलं नाही तर ते वर्षभर लक्षात राहतं. सुमीची दाढ सांगलीच्या डॉक्टरने काढली ही बातमी एस्टीतून उतरणाऱ्यांनीच पुढे नेली होती. मी घरात येऊन पाणी पितेय तोवर सोपा भरला. कुणी खडीसाखर आणली, कुणी केळी आणली, एकीने गरम चहाची किटलीच आणली. आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य तेच, "बघू गं, कुठली काढली?"

आई हौसेने दाखवत होती. सुमीच्या हनुवटीला धरून जबडा खाली करायचा, कापूस बाजूला करायचा, "ही बघा, ही," म्हणायचं, कापूस परत बसवायचा. मी दोनदा म्हटलं, "आई, कागदावर लिहिलंय—" आणि दोन्हीदा तिथेच थांबले. शिकलेली म्हणून मिरवते, असं बायका म्हणतील असं वाटलं. सात-आठ जणींनी बघितलं असेल. मग कापूस लाल होऊन बाहेर आला आणि सुमीच्या पोलक्यावर रक्ताची धार लागली. खालचा ओठ तर ती कधीपासून चघळत होती. तो बधिर होता, तिला कळतच नव्हतं, आणि आम्हीही तिकडे बघत नव्हतो. त्यालाही दातांचे व्रण पडले होते.

आईने मिसरीची डबी काढली. तेव्हा सुमीने दोन्ही मुठी तोंडावर दाबल्या आणि कोपऱ्यात कणगीला पाठ लावून बसली. मुठींखालून रक्त हनुवटीवर येत होतं. कुणी जवळ गेलं की पाय झाडायची. वहिनी आतून बाळ घेऊन आली, तिलाही जवळ येऊ देईना. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि ऊन तर चैत्राचं.

आबा कुणी बोलावल्यावर आले की आपणहून, आठवत नाही. दारात उभं राहून त्यांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. मग बाहेर जाऊन आमचीच बाज उचलली आणि एकेकीला बाहेर पडता येईल एवढी वाट ठेवून ती दारात आडवी टाकून तिच्यावर बसले.

"चला, उठा समद्या. पेशंट बघायची येळ सपली."

"आवं आबा, मी तर आत्ताच आलीया," मागून आलेली एक म्हातारी म्हणाली. "तोंड तरी बघू द्या पोरीचं."

"तोंडच बघायचं न्हवं? माजं बघा." त्यांनी कवळी काढली आणि आ केला. बायका पदर तोंडाला लावून हसत हसत उठल्या. दोन-तीन जणी रागावल्याही. चहाची किटली परत गेली. आई मिसरीची डबी हातात धरून तशीच उभी होती.

"पारूबाई, ती डबी आत ठेवा."

"रगत थांबाय नगं का?"

"थांबंल. त्या जखमंत तंबाखू घातलासा तर मातूर पंधरा दिस थांबायचं न्हाई."

मग ते हात धुऊन आले आणि सुमीपासून चार हात लांब, जमिनीवर बसले. मला वाटलं, आता समजूत घालतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

"सुमे, मी तुजं तोंड उघडणार न्हाई. तुजं तोंड तुजं हाय."

सुमी बघत राहिली.

"सांगलीला कशाला जायाचं म्हणून सांगितलं हुतं तुला?"

तिने एक मूठ काढली आणि माझ्याकडे बोट केलं.

"काय सांगितलं हुतंस गं, इमल?"

"बांगड्या," मी म्हटलं.

"हां." आबा म्हणाले. "मला नगं सांगू. तिला सांग."

दारात अजून दोन-चार जणी रेंगाळत होत्या. वडीलधाऱ्याने लहान पोरापुढे चूक कबूल करायची, हे मी आमच्या घरात कधी पाहिलेलं नव्हतं. मी सुमीसमोर बसले आणि म्हटलं, "सुमे, मी खोटं बोलले. दाढ काढायची हे मला ठाऊक होतं."

"आता गं बया," आई म्हणाली. "एवढ्याशा पोरीपुढं नाक घासायचं व्हय?"

"पोरगी एवढीशी हाय, पारूबाई. खोटं केवढं हुतं?" आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. आई आत गेली.

मग ते सुमीला सांगू लागले, एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं तसं. रक्त येतंय ते भोकातून येतंय. कापूस दाबून चावला की लवकर थांबेल, नाही चावला तर उशिरा थांबेल. ओठ जाड लागतोय ना, तो सुजलेला नाही, निजलाय. "निजल्याला चावायचं नसतं. आता कळायचं न्हाई, पर उठल्यावर लय दुखंल. दीडची एस्टी येईस्तोवर उठंल बघ." डॉक्टरांनी पुडीत जादा कापूस दिला होता. त्याची घडी करून त्यांनी ती स्वतःच्या तळहातावर ठेवली आणि हात पुढे केला. तसाच धरून ठेवला. कितीतरी वेळ. बाळ रडून झोपलं तरी त्यांचा हात तसाच होता.

सुमीने कापूस उचलला, आपल्या हाताने आत ठेवला आणि चावला. मग एक बोट वर करून तिने दुसऱ्या गालाला लावलं आणि आबांकडे बघितलं. आम्हाला सगळ्यांना कळलं. डॉक्टर माझ्याशी बोलले होते ते तिने ऐकलं होतं.

"न्हाई गं माजी बाय, झालं आता," आई आतून लगबगीने म्हणाली. माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं.

"ती बी काढायची हाय," आबा म्हणाले. "येत्या गुरुवारी."

सुमीचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. सकाळपासूनचं रडणं एकदम आलं.

"कशाला सांगितलंसा आबा," आई बाहेर येऊन म्हणाली. "आजचा दिस तरी सुखात जाऊ द्याचा हुता लेकराचा."

आबा सुमीकडे वाकले. "रड. पर कापूस चावून रड."

आणि ती खरोखर तशी रडली, दात घट्ट मिटून, नाकातून आवाज काढत, डोळ्यांतून पाणी गाळत. अर्धा तास. आबा समोर बसून होते. मध्येच ओठ आत जायला लागला की ते स्वतःच्या ओठावर बोट ठेवायचे, आणि ती ओठ सोडायची. रक्त थांबलं.

वहिनी आबांसमोर कधी बोलत नसे, डोक्यावरचा पदरही ढळू देत नसे. ती दाराआडून मला म्हणाली, "इमल, आबांस्नी इचार, गार दूध चालंल का म्हून." आबांनी मला सांगितलं, "तिला सांग, चालंल. पेल्यानं न्हाई, चमच्यानं. उजव्या अंगानं." चार पावलांवर असून दोघांचं बोलणं असं माझ्यातून चाललं होतं. सुमीने सात-आठ चमचे दूध घेतलं, मग ताकात कालवलेल्या मऊ कण्या. ती निम्म्यात थांबली, ओठाला हात लावला, दाबला, आणि दाढ काढल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलली.

"आबा, एस्टीच्या आदी उठला."

"एस्टीचं काय खरं न्हाई," आबा म्हणाले. "दुखतोय?"

"व्हय."

"धार काढंस्तोवर दुखंल."

दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा होत्या. बोळात दोघं समोरासमोर उभी राहून त्या करायची, आबा कवळी काढून आणि सुमी जीभ लावून लावून भोक चाचपत. कुणी बघायला आलंच तर सुमी स्वतःच सांगायची, "आज दावायचं न्हाई."

बुधवारी रात्री मात्र मला झोप आली नाही. ती येईल की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. खोटं बोलायचं नाही हे ठरलं होतं, पण खरं सांगून तिने दाराची चौकट धरली तर काय करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. सकाळी मी तिला म्हटलं, "सुमे, दाढ काढायला जायचंय." ती बराच वेळ परकराच्या नाडीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "आबा येनार?" मी म्हटलं, "विचारावं लागेल." तिने स्वतः बोळ ओलांडून विचारलं.

आबांना मी शेवटचं पाहिलं ते त्या गुरुवारी. परीक्षेसाठी मी सांगलीलाच थांबणार होते, परत तिला आबा नेणार होते. सुट्टीतही मला गावी जाता आलं नाही, आणि पुढे पावसाळ्यात छातीत पाणी होऊन ते गेले. मला चार दिवसांनी पत्रातून कळलं.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर ते थांबले. "तू जा आत. डोकं कसं धरायचं दावतो." आणि तिथेच, रस्त्यावर माणसं जात-येत असताना, त्यांनी दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरून दाखवलं. दाबायचं नाही, नुसता आधार द्यायचा, आणि बोटं कानांवर येऊ द्यायची नाहीत. "डॉक्टर काय म्हणतोय ते तिला ऐकू आलं पायजे."

"तुम्हीच या की आबा."

"न्हाई जमायचं," एवढंच म्हणाले.

मी धरलं. सुमीने तोंड आपणहून उघडलं. सुई टोचताना तिचं डोकं माझ्या हातात थरथरलं, पण ती मागे सरली नाही. सगळं झाल्यावर कापूस चावून ती माझ्याआधी बाहेर आली. आबा भिंतीकडे तोंड करून उभे होते, डोळे मिटलेले, टोपी हातात चुरगाळलेली. सुमीने त्यांचं धोतर ओढलं. कापसामुळे बोलणं नीट येत नव्हतं, तरी मला समजलं.

"आबा, तुमी भ्यालासा?"

"व्हय," आबा म्हणाले. "लय."

सुमीने थोडा विचार केला आणि त्यांचं बोट धरलं. स्टँडपर्यंत तीच पुढे चालली. मी त्यांना एस्टीत बसवलं, खिडकीजवळ सुमी, तिच्या शेजारी ते. मी डॉक्टरांचा कागद द्यायला लागले तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुज्याकडं." गाडी सुरू झाली. मी खालून हात केला. सुमीने बघितलं आणि हात हलवला. आबांनी बघितलं नाही. ते खाली वाकून तिच्या ओठाकडे बघत होते, एक बोट स्वतःच्या ओठावर ठेवून, आणि गाडी स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत ते तसेच बघत होते.